सहा तारा, चार आवाज: सोलापुरातल्या एका मॉड्यूलर मैफलीचा प्रकरण अभ्यास

## पार्श्वभूमी

शास्त्रीय गिटारच्या रचना मॉड्यूलर सिंथेसायझरवर वाजवून दाखवण्याच्या या प्रकरणात तीन माणसं आहेत. त्यांची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत आणि जवळची मंडळी त्यांना ज्या हाकेने ओळखतात तीच इथे ठेवली आहे. सर पन्नाशी ओलांडलेले आहेत, जुळे सोलापूर भागात राहतात आणि नायलॉनच्या तारांची शास्त्रीय गिटार शिकवतात. ताई एका कारखान्यात इलेक्ट्रॉनिक देखभालीचं काम करते. अशोक चौकाच्या बाजूला घराच्या माळ्यावर तिची छोटी कार्यशाळा आहे. तिथे तिने स्वतः सोल्डर करून चार आवाजांचा, म्हणजे एका वेळी चार सूर देणारा, अ‍ॅनालॉग मॉड्यूलर सिंथेसायझर उभा केला. मामा लग्नकार्यांपासून नाटकांपर्यंत ध्वनिव्यवस्था बघतात. त्याआधी बरीच वर्षं ते यंत्रमागावर होते. सरावाच्या नोंदी ठेवायचं काम माझ्याकडे होतं.

मॉड्यूलर म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. साध्या कीबोर्डमध्ये ध्वनी घडवणारे सगळे भाग आतल्या आत जोडलेले असतात. मॉड्यूलरमध्ये मूळ सूर निर्माण करणारा ऑसिलेटर, त्यातले काही अंश गाळणारा फिल्टर, आवाजाची पातळी सांभाळणारं व्हीसीए, आवाज कसा उमटतो आणि विरतो ते ठरवणारं एन्व्हलप असे सगळे भाग सुटे असतात आणि वादकाने ते पॅच केबलींनी हवे तसे जोडायचे असतात. अमेरिकेत बॉब मूग आणि डॉन बुकला यांनी १९६३-६४ च्या सुमारास ही पद्धत स्वतंत्रपणे घडवली. इथे सूर विजेच्या दाबावर ठरतो. ताईच्या संचात एक व्होल्ट वाढला की सूर एक सप्तक वर जातो, म्हणजे एका अर्धस्वराला ८३.३ मिलिव्होल्ट. हा संच युरोरॅक मापाचा आहे. जर्मनीतल्या डीटर डोपफर यांनी १९९० च्या दशकाच्या मध्यात रूढ केलेलं हे माप हौशी बांधणाऱ्यांना सोयीचं पडतं. आपल्याकडे हे यंत्र अगदीच परकंही नाही. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्ये अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांच्या पुढाकाराने मूगचा मॉड्यूलर बसला होता आणि गीता साराभाईंसारख्या संगीतकारांनी त्यावर काम केलं होतं.

सर एकदा ताईच्या माळ्यावर गेले असताना तिने त्यांना लो-पास गेटचा आवाज ऐकवला. या गेटच्या पोटात व्हॅक्ट्रोल असतो: एक एलईडी आणि समोर प्रकाशाने रोध बदलणारा एलडीआर, दोन्ही काळ्या नळीत बंद. विजेचा छोटा धक्का दिला की एलईडी लखकन पेटतो, एलडीआरचा रोध झटकन उतरतो आणि मग सावकाश पूर्ववत होतो. त्यामुळे सूर एकदम उमटतो आणि हळूहळू विरतो. त्यातही वरचे तीव्र अंश (मूळ सुराच्या पटीतले वरचे सूर) आधी मावळतात आणि मूळ सूर मागे रेंगाळतो. छेडलेल्या तारेचं नेमकं हेच होतं. सरांनी चार-पाच वेळा तोच सूर वाजवून घेतला आणि विचारलं, "यावर सोर वाजेल का गं?" सोर म्हणजे गिटारसाठी लिहिणारे स्पॅनिश संगीतकार.

पुढे शहरातल्या एका संगीतप्रेमी मंडळाने एप्रिलच्या मध्यात चाळीसेक मिनिटांचा कार्यक्रम करायला सांगितलं. तयारीला दोन-अडीच महिने होते.

## अडचण

पहिल्या सरावाला फर्नांदो सोर (१७७८–१८३९) यांचा बी मायनरमधला अभ्यास (सरावासाठी लिहिलेली छोटी रचना) घेतला, ऑपस ३५ मधला २२ वा. गिटार शिकणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला तो कधीतरी येतोच. ताईने नोटेशन वाचून रचनेचे तीन पदर केले: वरची चाल एका आवाजाला, मधले सुटे सूर दुसऱ्याला, खर्जाचे तिसऱ्याला. कागदावर जेवढी लांबी तेवढाच सूर. स्वर बिनचूक आले, लयही चोख होती, पण ऐकताना सगळं कोरडं वाटत होतं. सर म्हणाले, "सूर सगळे आले, पण आस कुठंच नाही." आस म्हणजे छेडल्यावर मागे रेंगाळणारा नाद.

प्रकरणाचा गाभा इथेच आहे, म्हणून जरा थांबून सांगतो. गिटारवर डावा हात कॉर्डचा आकार धरून बसलेला असतो. उजव्या हाताने छेडलेली तार, तिच्यावर दुसरा सूर येईपर्यंत किंवा डाव्या हाताचं बोट उठेपर्यंत, गुंजत राहते. नोटेशनमध्ये तो सूर अर्ध्या मात्रेचा लिहिलेला असला तरी प्रत्यक्षात तो माप (ठराविक मात्रांचा गट) संपेपर्यंत टिकू शकतो. लागोपाठचे दोन सूर एकाच तारेवर असतील तर दुसरा येताच पहिला तुटतो. शेजारच्या तारांवर असतील तर दोन्ही एकमेकांत मिसळतात. सतराव्या शतकातले स्पॅनिश गिटारवादक सरळ चालीतले सूरही मुद्दाम वेगवेगळ्या तारांवर ठेवत, म्हणजे एकाची आस दुसऱ्यावर चढावी. या युक्तीला काम्पानेला म्हणतात. कोणता सूर कुठे थांबतो हे गिटारवादकाचा हात ठरवतो. कागदावर ते अर्धंमुर्धंच येतं, आणि ताईने कागदावरचं जसंच्या तसं यंत्रात भरलं होतं.

बाकीच्या अडचणी उघड होत्या. तारा सहा आणि आवाज चार. यंत्राला वाजवायचं कसं हे ठरलेलं नव्हतं. आणि एप्रिलचं सोलापूर: पारा चाळीस ओलांडतो, तर अ‍ॅनालॉग ऑसिलेटर उष्णतेने सुरावरून सरकतो.

## समोरचे मार्ग

सर्वांत सुरक्षित मार्ग ध्वनिमुद्रणाचा होता. अमेरिकन संगीतकार वेंडी कार्लोस यांनी १९६८ मध्ये मूगवर बाखच्या रचना साकारल्या तेव्हा ते यंत्र एका वेळी एकच सूर देत असे. एकेक ओळ टेपवर चढवत त्यांनी सगळी वीण उभी केली. तसंच करून मंचावर ऐकवता आलं असतं. सरांनी हा मार्ग पहिल्याच बैठकीत बाजूला ठेवला. लोक सभागृहात येतात ते कुणीतरी समोर वाजवताना बघायला, असं त्यांचं म्हणणं होतं आणि मला ते पटलं.

दुसरा मार्ग कीबोर्डचा. त्यात आवाज वाटायचं काम यंत्राकडे जातं: पाचवा सूर दाबला की चारांतला सर्वांत जुना सूर तोडायचा, असा सरधोपट नियम. कोणता सूर टिकायला हवा हे त्या नियमाला कळत नाही. शिवाय सरांचं आयुष्य उजव्या हाताच्या अंगठ्यावर आणि तीन बोटांवर गेलेलं. पट्ट्यांवर त्यांचा हात नवशिक्याचा.

तिसरा मार्ग सगळ्यांना आधी फार आवडला: गिटारच्याच प्रत्येक तारेखाली वेगळा पिझो पिकअप (तारेची कंपनं विजेत बदलणारा भाग) बसवायचा, त्यातून सूर ओळखून त्याचा व्होल्टेज करायचा आणि सिंथ चालवायचा. नेहमीचे चुंबकी पिकअप पोलादी तारांवरच चालतात, म्हणून नायलॉनला पिझो. पण ताईने गणित मांडलं. सूर ओळखायला निदान एक-दोन कंपनं तरी पूर्ण व्हावी लागतात. पहिली तार सेकंदाला सुमारे ३३० कंपनं करते, म्हणजे एका कंपनाला ३ मिलिसेकंद. सहावी तार ८२, म्हणजे एकालाच १२ आणि दोन धरली तर २४. अंगठ्याचा खर्ज दरवेळी वरच्या चालीच्या मागे पडणार. सरांनी ते एका उसन्या यंत्रावर करून पाहिलं आणि दहा मिनिटांत गिटार खाली ठेवली. लय अंगठ्यावर उभी असते. तोच उशिरा पोचत असेल तर बोटांनी कशाचा आधार घ्यायचा?

चौथा मार्ग सिक्वेन्सरचा. सगळे सूर आणि काळ आधीच भरून ठेवायचे, मंचावर बटण दाबायचं. ताईला त्यात वावगं वाटत नव्हतं, कारण पॅच, फिल्टर, रंग हे हातानेच चालणार होतं. सरांना मात्र रुबातो हवा होता, ओळीच्या शेवटी जरा रेंगाळणं आणि पुढे सावरून घेणं. त्याशिवाय तारेगांसारख्या संगीतकाराची रचना वाजवण्यात अर्थ नाही, असं ते म्हणत.

## ठरलेला तोडगा

दोघांच्या म्हणण्यातून एक मधली वाट निघाली. सूर यंत्राने लक्षात ठेवायचे, पण प्रत्येक सूर कधी आणि किती जोराने उमटणार हे बोटाने सांगायचं. ताईने तांब्याचे चार स्पर्शफलक बनवले: अंगठा, तर्जनी, मध्यमा, अनामिका. अंगठ्याचा फलक टेकला की अंगठ्याच्या ओळीतला पुढचा सूर वाजतो, दाब जास्त तर धक्का मोठा, आणि लो-पास गेट जास्त उघडल्याने सूर अधिक उजळ. बाकी बोटांचंही तसंच. सूर साठवणारी स्मृती डिजिटल, ध्वनी घडवणारं सगळं अ‍ॅनालॉग. शुद्ध अ‍ॅनालॉग सिक्वेन्सरमध्ये बहुधा आठ किंवा सोळा टप्पे असतात; शेकडो सुरांच्या रचनेला ते कुठे पुरणार? कार्यक्रमाच्या सुरुवातीलाच हे श्रोत्यांना सांगायचं असंही ठरलं. मला हा निर्णय सगळ्यांत मोलाचा वाटतो, कारण अशा प्रयोगात यंत्र किती आणि माणूस किती हे झाकलं, तर ऐकणाऱ्याचा विश्वास जातो.

यातून चार आवाजांचा प्रश्नही बराचसा सुटला. शास्त्रीय गिटारच्या मूळ बैठकीत अनामिका पहिल्या तारेवर, मध्यमा दुसऱ्या, तर्जनी तिसऱ्या आणि अंगठा खर्जाच्या तीन तारांवर असतो. म्हणजे चार बोटं, चार आवाज. सरांनी प्रत्येक रचनेचं नोटेशन पुन्हा समोर घेतलं आणि एकेका सुरावर तारेचा आकडा आणि बोटाचं अक्षर लिहिलं. पदरांप्रमाणे केलेली पहिली वाटणी रद्द झाली. आता वाटणी तारांप्रमाणे. गिटारची प्रत्येक तार एका वेळी एकच सूर देते आणि सिंथचा प्रत्येक आवाजही. दोन्हींचा स्वभाव मुळात सारखा असताना आपण मध्ये कागद आणला होता.

सोरचा तोच अभ्यास नव्या वाटणीने वाजला तेव्हा माळ्यावरचे आम्ही सगळे गप्प झालो. रंग तोच, ऑसिलेटर तेच, फक्त सूर कुठे तुटतात ते बदललं होतं. फ्रान्सिस्को तारेगा (१८५२–१९०९) यांच्या 'लाग्रिमा'च्या आरंभी पहिल्या आणि चौथ्या तारेवरचे सूर जोडीने चढत जातात आणि मधे मोकळी दुसरी तार वाजत राहते. त्या मोकळ्या तारेला स्वतःचा आवाज मिळाल्यावर ती तशीच गुंजत राहिली.

तोडगा पूर्ण नव्हता. अंगठ्याकडे तीन तारा आणि आवाज एकच. सहाव्या तारेवरचा खर्ज टिकलेला हवा असताना चौथ्या तारेवर सूर आला की खर्ज तुटे. तिथे सरांनी एकेक जागा बघून ठरवलं की खर्ज महत्त्वाचा की चौथ्या तारेवरचा सूर. काही ठिकाणी तो सूर मोकळ्या असलेल्या तर्जनीकडे वळवला. हे काम कंटाळवाणं होतं आणि सगळ्यात जास्त वेळ यातच गेला.

## रचना निवडताना

सोर, तारेगा आणि मात्तेओ कार्कासी (१७९२–१८५३) यांच्या ऑपस ६० मधले काही अभ्यास ठरले. लिओ ब्राउवर यांचे सोपे अभ्यास सरांच्या मनात होते. पण ते हयात संगीतकार, परवानगी घ्यावी लागली असती आणि तेवढा वेळ नव्हता. भारतात रचनाकाराच्या निधनानंतर ६० वर्षं हक्क राहतो. ठरलेले तिघंही त्या मुदतीपलीकडचे.

स्पॅनिश संगीतकार अल्बेनिथ यांच्या 'अस्तुरियास'वर बराच खल झाला. ताईचा आग्रह होता, आणि तिचा मुद्दा खरा होता: ती रचना मुळात पियानोसाठी लिहिलेली, पियानोवर गिटारचा बाज आणणारी, आणि नंतर गिटारने तिला आपलंसं केलं. एका वाद्यावरून दुसऱ्यावर जाण्याने संगीताचं काही बिघडत नाही याचं याहून चांगलं उदाहरण कुठलं? पण त्यातले सहा तारांवर तुटून पडणारे कॉर्ड चार आवाजांत फिके पडत होते. सरांनी ती वगळली. माझ्या मते हा निर्णय बरोबर होता.

तारेगांच्या 'रेकुएर्दोस दे ला अलाम्ब्रा'वर मात्र एकमत झालं नाही. १८९० च्या दशकातली ही रचना ट्रेमोलोवर उभी आहे: अंगठा एक सूर देतो, मग अनामिका, मध्यमा, तर्जनी एकाच तारेवर तोच सूर तीनदा. मिनिटाला ७२ मात्रांची लय धरली तर सेकंदाला नऊ-दहा सूर, म्हणजे एकेका सुराला जेमतेम १०४ मिलिसेकंद. व्हॅक्ट्रोलला विझायला त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो. त्यामुळे सूर वेगळे न राहता त्यांची एक सलग रेघ होत होती. गिटारवर तर पुढचं बोट टेकताच तार क्षणभर दबते, आणि ट्रेमोलोला जो थरथरता पोत येतो तो त्या दबण्यातून. ताईने या रचनेपुरता वरच्या आवाजाचा लो-पास गेट काढून तिथे वेगवान एन्व्हलप आणि व्हीसीए लावलं, तीन बोटांचे फलक एकाच आवाजाला जोडले. सूर सुटे झाले, पण त्यांना यांत्रिक धार आली. सरांना ती नको होती, ताईला हवी होती. शेवटी ती कार्यक्रमात ठेवायची, पण सर्वांत शेवटी, असं ठरलं.

## रंग, उष्णता आणि वीज

नक्कल किती करायची हा प्रश्न रंग ठरवताना आला. नखाचा खरखर आवाज, तारेवरून बोट सरकण्याची शीळ, हे सगळं नॉइज जनरेटरने आणता आलं असतं. सरांनी नको म्हटलं. त्यांना तारेचे नियम हवे होते, तारेची खोड नको होती. एक नियम तर यंत्रात आयताच सापडला. तार लांबीच्या एक पंचमांशावर छेडली तर तिच्यातून पाचवा, दहावा, पंधरावा असे अंश गळतात. ऑसिलेटरच्या पल्स तरंगाची रुंदी (एका कंपनात तो किती वेळ वर असतो ते) २० टक्के ठेवली तर नेमके तेच अंश गळतात. ६५० मिलिमीटर तारेवर पुलापासून (तारा जिथे बांधतात त्या ब्रिजपासून) १३० मिलिमीटरवर छेडणं म्हणजे २० टक्के रुंदी. पुलाजवळ सरकलं की रुंदी अरुंद आणि आवाज टणक. बाराव्या फ्रेटवर, तारेच्या मध्यावर, ५० टक्के आणि आवाज पोकळ-गोड. सरांचा डावा हात मोकळाच होता. त्यांनी तो या एका नॉबवर ठेवला. आयुष्यभर उजवा हात तारेवर पुढे-मागे नेऊन जे साधलं, ते आता डाव्या हाताच्या नॉबवर आलं, आणि आठवडाभरात ते त्यांच्या अंगवळणी पडलं.

उष्णतेचं प्रकरण जास्त चिवट. व्होल्टेजचं रूपांतर कंपनसंख्येत करणाऱ्या ट्रान्झिस्टरचा स्वभाव तापमानाबरोबर बदलतो, अंशाला सुमारे ०.३३ टक्के. भरपाई केली नसेल तर पाच अंश वाढल्यावर प्रत्येक सप्तक सुमारे २० सेंटने आखडतं, म्हणजे अर्धस्वराचा पाचवा हिस्सा. ताईच्या तीन ऑसिलेटरमध्ये ३३४० जातीची चिप होती, तिच्यात ही भरपाई आतच असते. चौथा तिने सुट्या भागांतून बनवला होता आणि त्यात तापमान-भरपाईचा खास रेझिस्टर नव्हता. तो मागवून येईपर्यंत कार्यक्रम उलटून गेला असता.

मग हा कच्चा ऑसिलेटर कुणाला द्यायचा? अंगठ्याला दिला तर खर्जापासून मध्यापर्यंत मोठी मजल, चूक मोठी दिसणार. अनामिकेला दिला तर चालच बेसूर. ताईने तो तर्जनीला, तिसऱ्या तारेला, दिला. तिथल्या सुरांची मजल एका सप्तकाच्या आतबाहेर. शिवाय तो मजलीच्या दोन्ही टोकांऐवजी मधल्या सुरावर लावायचा, म्हणजे सरकला तरी दोन्ही बाजूंना थोडाथोडाच सरकेल. मिळालेल्या सामानात याहून शहाणा निर्णय मला सुचत नाही.

विजेची बाजू मामांनी सांभाळली. माळ्याच्या आसपास माग चालू असले की विजेचा दाब खालीवर होतो आणि घरच्या साध्या इन्व्हर्टरची ओबडधोबड लहर सिंथच्या आवाजात गुरगुरते. मामांनी ऑनलाइन यूपीएस (खंड न पडता स्वच्छ वीज देणारा) आणला, अर्थिंग स्वतः तपासलं आणि संच व मिक्सर एकाच अर्थिंगवर घेतले. त्याने विजेचा हम (गुणगुण) गेला. युरोरॅकचा सिग्नल दहा व्होल्टांच्या घरात असतो, मिक्सरला तो झेपत नाही, म्हणून मध्ये पातळी उतरवणारा डीआय बॉक्स. सभागृहाचे मोठे स्पीकर वापरायचे नाहीत हाही मामांचाच आग्रह. "सरांच्या शेजारी दोन बारके स्पीकर ठिवू. गिटार कशी एका जागेवरनं ऐकू येती, तसं."

सराव बघताना मामांनी आणखी एक धोका ओळखला, जो आम्हा बाकीच्यांच्या ध्यानात आला नव्हता. "सर, एक बोट जास्तीचं टेकलं तर? जकार्डचं एक कार्ड पुढं गेलं की चादरीवरची सगळी नक्षी सरकती बगा." खरंच होतं. जकार्ड मागावर नक्षी भोकांच्या कार्डांच्या क्रमाने विणली जाते, तसंच इथेही: एक जादा स्पर्श झाला की त्या बोटाची ओळ एक सूर पुढे जाणार आणि शेवटपर्यंत पुढेच राहणार. ताईने दोन उपाय केले. एका स्पर्शानंतर ६० मिलिसेकंद त्याच फलकावरचा दुसरा स्पर्श मोजायचा नाही; ट्रेमोलोतही एकेक बोट सुमारे ४१६ मिलिसेकंदांनी परत येतं, त्यामुळे अडचण नव्हती. दुसरा उपाय पायाचा स्विच: तो दाबला की चारही ओळी पुढच्या वाक्याच्या सुरुवातीला येऊन थांबणार.

## कार्यक्रम

संच तासभर आधी चालू करून तापू दिला, सभागृहाचा एसी चालू असताना सूर लावले. ऐकायला शे-सव्वाशे माणसं होती. गिटारचे विद्यार्थी, हिंदुस्थानी गाणारी-वाजवणारी मंडळी, ताईच्या कारखान्यातले काही जण. सरांनी आधी खऱ्या गिटारवर 'लाग्रिमा' वाजवली आणि मग तीच यंत्रावर.

कार्कासी संपता संपता वीज गेली. यूपीएसमुळे सूर तुटला नाही. जनरेटर सुरू झाला, पण त्यावर दिवे आणि ध्वनियंत्रणा होती, एसी नव्हता. सभागृह तापायला लागलं. सोरच्या उत्तरार्धात घामाने सरांचा अंगठा फलकावरून घसरला आणि पुन्हा टेकला. या दोन्हींमध्ये ६० मिलिसेकंदांहून जास्त वेळ गेला, म्हणून यंत्राने तो नवा स्पर्श धरला. खर्ज एक सूर पुढे गेला. दीड-दोन मापं चाल आणि खर्ज यांचा मेळ नव्हता; सरांनी वाक्य पूर्ण केलं, पाय दाबला आणि पुढचं वाक्य सरळ सुरू झालं. विद्यार्थ्यांच्या ते लक्षात आलं, बऱ्याच जणांना मुद्दाम केलेलं वाटलं.

'रेकुएर्दोस'पर्यंत तर्जनीचा ऑसिलेटर जरा सरकला होता. पण त्या रचनेत ताईने तीन बोटं वरच्या आवाजाला जोडली असल्याने तर्जनीचा आवाज जवळजवळ बंदच होता. ती शेवटी ठेवल्याचा असा एक न ठरवलेला फायदा झाला.

## निष्पत्ती

नंतर लोक थांबून बोलले. एका ज्येष्ठ गायिकेने सोरमध्ये मधला सूर किंचित उतरल्याचं नेमकं सांगितलं. तो तर्जनीचाच होता. सतार वाजवणारे एक जण व्हॅक्ट्रोलच्या आसेबद्दल खोदून खोदून विचारत राहिले. एका तबलजींनी फलकावर टाल्कम पावडर का लावली नाही असं विचारलं, आणि त्याला आमच्याकडे उत्तर नव्हतं.

सगळ्यात बोलका फरक रचनांमध्ये दिसला. 'लाग्रिमा'बद्दल बहुतेक जण म्हणाले की गिटार जास्त छान होती. सोर आणि कार्कासीबद्दल तशी तुलना कुणी केली नाही. तिथे लोक सुरांच्या एकमेकांत मिसळण्याबद्दल, मंद विरण्याबद्दल बोलत होते. गिटार आधी ऐकवल्यामुळे 'लाग्रिमा'त कान साम्य शोधत राहिला. जिथे गिटार ऐकवली नव्हती तिथे त्यांनी समोरचं वाद्य ऐकलं. ट्रेमोलोवर मतं दुभंगली, सरांचं आणि ताईचं दुभंगलं होतं तशीच.

## पुन्हा करायचं झालं तर

तिघांशी बोलून नोंदवलेल्या गोष्टी अशा. गिटार आधी वाजवायची नाही. वाजवायचीच तर शेवटी. सुरुवात तारा आणि बोटं लिहिलेल्या नोटेशनपासून करायची, पदरांच्या वाटणीत गेलेले पहिले आठवडे वाचतील. एसी बंद ठेवून, सभागृह माणसांनी भरल्यावर जेवढं तापतं तेवढ्या तापमानात सूर लावायचे, किंवा कार्यक्रम पावसाळ्यानंतर ठेवायचा. सोलापुरात डिसेंबर-जानेवारी या यंत्राला कितीतरी सोपे. जनरेटरवर काय काय चालतं हे आदल्या दिवशी विचारायचं. पायाचा स्विच वाक्याऐवजी मापागणिक ठेवता येईल का, हे ताई बघते आहे. सरांना त्याची धास्ती वाटते, कारण चुकून दाबला गेला तर गोंधळ वाढेल.

आवाज सहा करायचे यावर एकमत आहे, कारण अंगठ्याच्या तीन तारांना तीन आवाज मिळाले की सोरमध्ये तोडावे लागलेले खर्ज परत येतील. पण मग एका अंगठ्याने तीन ओळी कशा चालवायच्या? ताईचं म्हणणं, कोणती तार वाजायची हे स्मृतीतच लिहून ठेवू, अंगठ्याने फक्त वेळ द्यायची. सर अंगठ्यासाठी तीन अरुंद फलक मागतात, शेजारी शेजारी, गिटारच्या तारांएवढ्या अंतरावर, म्हणजे चुकायची मुभाही हातालाच राहील. ताईने दोन्ही प्रकार बनवायला घेतले आहेत. 'अस्तुरियास' पुन्हा यादीत आली आहे.